सतरावी रेघ

४ जून १९८३

डिंक्या,

चित्रांचं बाड आमच्या वाचनालयाच्या बाईंबरोबर पाठवलं आहे. त्या तुझ्या गावी, त्यांच्या मुलीकडे निघाल्याच होत्या, म्हटलं घेऊन जा. पोस्टाने पाठवायचा धीर झाला नाही. एकेचाळीस कागद आहेत, मी तीनदा मोजले. मध्ये जुन्या चादरीचे तुकडे घातलेत, ते फेकून देऊ नकोस, मला लादी पुसायला लागतात.

पत्र लांबणार आहे. नेहमीसारखं पहिलं पान वाचून ठेवून देऊ नकोस. तुझी खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. गणिताच्या पेपरातही पहिला प्रश्न सोडवून हसत बाहेर यायचास.

आधी चित्रांचं सांगते. पणजोबा पोटासाठी चेहरे काढायचे आणि जिवासाठी घर. त्यामुळे न्यायाधीश, डॉक्टर, धान्याचा व्यापारी, त्याची जाड बायको असे जे चौदा चेहरे आहेत, ते बसवून काढलेले आहेत आणि सगळे पोट आत ओढून बसलेत. घरातली चित्रं मात्र कुणाला न सांगता काढलेली. तोंड उघडं टाकून झोपलेली त्यांची सासू, सुईत दोरा ओवणारी पणजी, उलटे पडलेले बूट, वाळत घातलेले कपडे. मला तीच आवडतात. उरलेली टेकडी, पूल, नदी, तलावाकाठची झाडं.

(पान तिसरं. अजून वाचतो आहेस ना?)

आता मुख्य गोष्ट. सतरा कागदांवर तुला एकेक रेघ दिसेल. साध्या पेन्सिलीची, वेडीवाकडी, बहुतेक रिकाम्या जागेतली, आभाळात नाहीतर भिंतीवर. त्या ठकीच्या रेघा आहेत. ठकी म्हणजे आपल्या आजोबांची धाकटी बहीण. जन्मापासून बोलत नव्हती आणि सहाव्या वर्षी तापाने गेली. पणजोबा चित्र काढायला बसले की ती मांडीवर चढायची, आणि चित्र पुरं झालं की ते तिच्या हातात पेन्सिल द्यायचे. ती एक रेघ मारायची आणि उतरून जायची. एकच, दुसरी नाही. आजोबा म्हणायचे, तिची रेघ कागद संपला तरी थांबत नसे, खालच्या फळीवर जायची. ती गेल्यावर पणजोबांनी त्यातली एकही पुसली नाही आणि कुणाला पुसू दिली नाही. त्या पोरीचं या जगात दुसरं काही उरलेलं नाही. तेव्हा डाग काढ, कीड काढ, काय हवं ते कर, पण रेघांना हात लावू नकोस.

नदीच्या चित्राचं तू तुझं बघ. ती रेघ मला कधीच आवडली नाही.

एक बेचाळिसावा कागद मी मागे ठेवला आहे. तो या बाडात कधीच नव्हता, आजोबांपासून वेगळाच जपलेला. झोपलेली ठकी. तिच्या शेवटच्या दिवसांतलं चित्र आहे आणि त्यावरही तिची रेघ आहे. तो मी कुणाला देत नाही, तुलासुद्धा नाही. राग मानू नकोस.

गुडघा तसाच आहे. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१९ जून

ताई,

बाड सुखरूप पोचलं. बाईंनी ते सबंध प्रवासात मांडीवर धरलं होतं म्हणे. पाय बधीर झाले म्हणून माझ्याकडून दोन कप चहा वसूल केला.

तुझं पत्रही मिळालं. सहा पानं, दोन्ही बाजूंनी. पहिलं वाचलं, बाकीचं निवांत वाचीन. रागावू नकोस, सध्या संग्रहालयात श्वास घ्यायला सवड नाही. संचालकबाईंनी नोव्हेंबरात प्रदर्शन ठरवलं आहे आणि पणजोबांची चित्रं बघून त्या हरखल्या आहेत. मधला मोठा हॉल आपल्याला. आहेस कुठे.

आमची कागददुरुस्तीची खोली तू पाहिलेली नाहीस. तिसरा मजला, उत्तरेला चार खिडक्या, लांबलचक टेबलं, त्यावर टीपकागद अंथरलेला आणि सगळीकडे खळीचा वास. घरी गेलो तरी अंगाला तोच वास येतो. लहानपणी तू डिंक्या हे नाव ठेवलंस ते उगाच नाही, भविष्य सांगितलंस. मला कामाला लावणारे आमचे गुरुजी म्हणायचे, "कागद बघा, चित्राच्या नादी लागू नका. चित्र बघत बसलात तर हात चुकतो." तीस वर्षं तेच करतो आहे. त्यामुळे पणजोबा कसे काढायचे ते मला विचारू नकोस. कागद कसा आहे ते विचार. कागद उत्तम आहे. कडा मात्र उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्यात.

एक गंमत सांगतो. सुरुवात नदीच्या चित्रापासून केली. आभाळात एक रेघ होती. तपासायला ओला कापूस टेकवला आणि रेघ झाली जांभळीगर्द. म्हणजे शाईची पेन्सिल, मामांच्या पार्सल ऑफिसात असायची ना, जिभेला लावून लिहायची, तीच. पणजोबांनंतर पन्नास वर्षांनी घरातल्या कुठल्यातरी कार्ट्याने ओढलेली. मला तर तुझाच संशय आहे. काढून टाकली, आता आभाळ कसं लख्ख आहे. आपल्या घरातली पोरं म्हणजे हातात खडू आला की भिंतसुद्धा सोडायची नाहीत.

चादरीचे तुकडे जपून ठेवले आहेत.

तुझा,
डिंक्या

३० जून

डिंक्या,

पत्र मिळालं. नदीवरची रेघ गेली ते बरं झालं. त्याबद्दल कुणाशी बोलू नकोस, संचालकबाईंशीही नाही. घरातली गोष्ट घरात.

मी आणखी काय लिहिणार. तुझं काम तुला ठाऊक. शेजारच्यांनी नवीन रेडिओ घेतला आहे आणि तो मलाच जास्त ऐकू येतो.

ताई

११ ऑगस्ट

ताई,

काम चालू आहे. सर्व चित्रं ठीक आहेत.

प्रदर्शनाच्या माहितीसाठी दोन-तीन गोष्टी हव्या आहेत. त्या मुलीबद्दल. ती पेन्सिल कुठल्या हातात धरायची, डाव्या की उजव्या? मुठीत की बोटांत? रेघ खालून वर जायची की वरून खाली? आजोबा याबद्दल काही बोलले असतील तर आठवून लिही. लवकर लिहिलंस तर बरं.

तुझं पत्र मी संपूर्ण वाचलं आहे.

डिंक्या

२० ऑगस्ट

डिंक्या,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. एवढंसं पत्र आणि एकही टवाळी नाही, म्हणजे तू मनावर घेतलं आहेस. ठकीबद्दल इतकं बारीक आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि मी मनात काय काय आणत होते. एक-दोन वेळा वाटलं तुला पुन्हा लिहावं, सांभाळून कर म्हणून. पण म्हटलं, त्याला काय सांगायचं, तो मुरलेला माणूस.

तर ऐक. डावा हात, आणि मूठ. लाटणं धरावं तशी पेन्सिल धरायची. आजोबा करून दाखवायचे. रेघ नेहमी स्वतःपासून बाहेर, लांब. आणि मारताना श्वास रोखायची, संपली की जोरात सोडायची. घरातल्या सगळ्यांना तो श्वास ऐकायची सवय होती. तिचा आवाज म्हणजे तेवढाच.

आरशातलं चित्र बघितलंस का? पणजोबांनी आरशात बघून स्वतःला काढलं आहे, मांडीवर ठकी. त्यात सगळं दिसतं.

प्रदर्शनाला येणार आहे. नवीन चप्पल घेतली.

तुझी,
ताई

१४ नोव्हेंबर

डिंक्या,

परवा सुखरूप पोचले. गाडीत जागा मिळाली.

प्रदर्शन छान झालं असं सगळेच म्हणत होते, म्हणजे झालंच असणार. चित्रं इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. पणजोबांच्या सासूच्या तोंडातला एकुलता दात पहिल्यांदा दिसला. संचालकबाईंनी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, तू भिंतीकडे बघत होतास. पाटीवर लिहिलं होतं, "चित्रकाराच्या मुलीच्या सतरा रेघा अत्यंत काळजीने जतन केल्या आहेत." ती पाटी मी वाचली.

गर्दी सगळ्यात जास्त नदीच्या चित्रापुढे होती. त्यावरही रेघ होती. एक बाई डोळे पुसत मैत्रिणीला म्हणाली, या रेघेत त्या मुलीचा सगळा जीव उतरलाय बघ. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी जिन्यात जाऊन बसले. तुला वाटलं असेल गुडघा दुखला.

तू चहा दिलास, बिस्किटं दिलीस, स्टेशनवर पोचवलंस, आणि दोन दिवसांत एकदाही माझ्याकडे सरळ बघितलं नाहीस. मी काही विचारत नाही.

ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

विचारलं नाहीस, म्हणून सांगणं आणखी अवघड झालं आहे. तरी सांगतो.

त्या रेघा ठकीच्या नाहीत. माझ्या आहेत.

तुझं पहिलं पत्र मी एका पानावर सोडलं होतं. नदीवरची रेघ जांभळी निघाली, आणि मी धरून चाललो की सगळ्याच रेघा आपल्या घरातल्या पोरांनी मागाहून ओढल्या आहेत. उरलेल्या सोळा शाईच्या पेन्सिलीच्या नव्हत्या, साध्या होत्या. तेवढ्यानेही माझं डोकं थांबलं नाही. एकदा पोरांचा उद्योग असं ठरवलं की पेन्सिल कुठली हे कोण बघतो. रोज दोन-तीन कागद घ्यायचे, रबराचा भुगा पसरायचा, बोटाने गोल गोल फिरवायचं, झटकायचं. मी शीळ घालत होतो ताई. हे मुद्दाम लिहितो, कारण तेच मला सारखं आठवतं.

त्या सोळांतला शेवटचा कागद म्हणजे आरशातलं चित्र. त्यावरची रेघ खोडली, भुगा फुंकला आणि कागद खिडकीकडे धरला, सगळं निघालं का बघायला. तेव्हा पहिल्यांदा चित्र दिसलं. पणजोबांच्या मांडीवर एक पोर, तिच्या मुठीत पेन्सिल, पणजोबांचा हात तिच्या हाताखाली नुसता ठेवलेला, धरलेला नाही. समोर कागद, आणि कागदावर एक रेघ. दोघंही त्या रेघेकडे बघत आहेत. मी चित्र खाली ठेवलं आणि ड्रॉवरमधून तुझं पत्र काढलं. पान तिसरं, "अजून वाचतो आहेस ना?" त्याच्या खालचं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. भुगा टेबलावर पडला होता. त्या पोरीचं जे काही होतं ते त्या भुग्यात होतं, आणि आधीच्या पंधरा कागदांचा झाडून टाकलेला भुगा कुठे गेला ते मला माहीत नव्हतं.

इथे मी थांबून तुला लिहायला हवं होतं. एवढं कळत होतं. पण तीस वर्षं लोक म्हणत आलेत, याचा हात म्हणजे हात. त्या हाताने हे केलं असं कुणाला सांगायचं? मी तुलाच काय, भिंतीलाही सांगू शकलो नसतो.

मग दुसरं पाप केलं. पेन्सिलीची रेघ खोडली तरी कागदात तिचा चर राहतो. दिवा कागदाच्या बाजूला आडवा धरला की दिसतो. तुला ते प्रश्न विचारले ते पाटीसाठी नव्हते. तीन आठवडे रद्दीवर डाव्या हाताने, मुठीत पेन्सिल धरून रेघा मारल्या. तुझं उत्तर वाचल्यावर श्वाससुद्धा रोखला. मग एकेका चरावरून पेन्सिल नेली. तू सतरा लिहिलं होतंस म्हणून नदीवरही ओढली, ती काढल्याचं मीच तुला कळवलं होतं हे त्या घाईत सुचलंही नाही. ती शाईची होती हे माहीत असून, तेव्हाही मिळत असेल कुठेतरी तसली पेन्सिल, अशी माझी मीच समजूत घातली. चोराला कारणं शोधायला वेळ लागत नाही.

तू हॉलमध्ये एकेका चित्रापुढे उभी राहत होतीस आणि मी मागे उभा राहून तुझी पाठ बघत होतो. तुला पटलं असं वाटलं की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की स्वतःची किळस यायची. मग तू जिन्यात जाऊन बसलीस.

आता तू म्हणशील ते करीन. सगळी चित्रं परत पाठवू का?

डिंक्या

८ डिसेंबर

डिंक्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

मला कळलं होतं. हॉलच्या दारातूनच नाही, पण दुसऱ्या चित्रापाशी नक्की. तुझ्या सगळ्या रेघा कागदाच्या कडेच्या आत थांबल्या आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून. ठकीची एकही थांबली नव्हती. आजोबा तिची रेघ दाखवताना बोट कागदावरून खाली उतरवायचे आणि टेबलावरून न्यायचे, आम्हा पोरांना त्याचीच मजा वाटायची. तुझा हात कडेला आला की उचलला जातो, त्याला तू काय करणार. कड फाटेल म्हणून तीस वर्षं जपलेला हात आहे तो.

कळलं आणि तरी मी बोलले नाही. हे तुला विचित्र वाटलं असेल. वाटलं नसेल तर आता वाटेल.

नदीवरची रेघ माझी होती.

मी आठ वर्षांची होते. आजोबा दर आठवड्याला बाड सोडायचे आणि रेघा मोजायचे. सोळा. त्यांचा हात एकेका रेघेवरून फिरायचा, आणि माझ्या पाटीवरच्या अक्षरांकडे ते बघायचेही नाहीत. मला त्या मेलेल्या पोरीचा हेवा वाटायचा. मेलेल्या माणसाचा हेवा करणारी मुलगी कशी असेल ते तूच ठरव. एका दुपारी बाबांच्या खिशातली शाईची पेन्सिल घेतली आणि नदीच्या आभाळात एक ओढली. वाटलं होतं आजोबा ओरडतील, मला धरतील, निदान माझ्याकडे बघतील. त्यांची नजर अधू झाली होती. पुढच्या वेळी त्यांना ती दिसली आणि ते रडायला लागले. म्हणाले, ही इतकी वर्षं मला दिसलीच नाही, बघ, ठकीने अजून एक ठेवली होती माझ्यासाठी. सगळ्यांना हाक मारून दाखवली. त्या दिवसापासून सतरा झाल्या.

मी काय सांगणार होते? दोन वर्षांनी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना सगळ्यात जास्त तीच आवडायची. पुढे बाबांनी बाड माझ्या हातात देऊन सांगितलं, सतरा रेघा सांभाळ. मी हो म्हटलं. छप्पन्न वर्षं मी ते बाड सांभाळते आहे, आणि लोक म्हणतात, काय जपलंय हिने.

आता जूनमधलं तुझं पत्र. ती जांभळी झाल्याचं मी वाचलं. तू थट्टा केली होतीस, माझ्यावर संशय घेतला होतास. त्याच पत्रात लिहिलं होतंस की माझं पत्र पुरतं वाचलेलं नाहीस. मला दिसत होतं डिंक्या. हा आता बाकीच्या रेघाही त्यातल्याच समजेल, हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. एक ओळ लिहायची होती, "बाकीच्या सोळा खऱ्या आहेत." पण ती ओळ लिहिली असती तर तू विचारलं असतंस, मग ही कुणाची? म्हणून मी लिहिलं, तुझं काम तुला ठाऊक. आणि शेजारच्यांच्या रेडिओबद्दल लिहिलं.

तेव्हा तू एकट्याने खोडलेल्या नाहीत त्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत ठकी होती आणि ती मी चिरडली.

चित्रं परत पाठवू नकोस. संचालकबाईंना सांग आणि पाटी बदल. खोटं भिंतीवर लागलं आहे, खरंही तिथेच लागू दे. माझं घालायला विसरू नकोस.

आणखी एक लिहायचं राहिलं. बेचाळिसाव्या कागदावर तिची एक रेघ उरली आहे, खरी, कडेवरून बाहेर गेलेली. कागद फाटत चालला आहे. त्याला तुझ्यासारख्या माणसाची गरज आहे आणि तुझ्याकडे तो पाठवायला माझा हात होत नाही. तसं वाटतं याचीही लाज वाटते, पण पाठवत नाही.

ताई

१५ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आधी शेवटच्या पानापासून वाचलं, मग पहिल्यापासून. कागद पाठवू नकोस. तेच बरोबर आहे.

संचालकबाईंना काल सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "तुम्ही?" बस, एवढंच. दुसरं काही बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. चित्रांच्या खोलीच्या किल्ल्या मी स्वतःच टेबलावर ठेवल्या. आता तळमजल्यावर जुन्या सरकारी कागदांची दप्तरं शिवायला बसतो. तिथे खिडकी एकच आहे, पण काम प्रामाणिक आहे.

नवी पाटी आज लागली. मजकूर मीच लिहिला: "सोळा चित्रांवरच्या मुलीच्या रेघा या संग्रहालयाच्या कारागिराने १९८३ साली निष्काळजीपणाने खोडल्या व नंतर लपवून पुन्हा ओढल्या. आज दिसतात त्या त्याच्या आहेत. नदीच्या चित्रावरची मूळ रेघ चित्रकाराच्या पणतीने लहानपणी मारलेली होती." तुझ्याबद्दल "कुटुंबातील एका व्यक्तीने" असं लिहिलं होतं, पण तुझं पत्र आठवलं आणि पणती केलं. मी पाटीजवळ अर्धा तास उभा राहिलो. लोक वाचतात, मग चित्रांकडे वाकून बघतात, मग आपसात हळू आवाजात बोलतात. कारागीर म्हणजे मागे उभा आहे तो, हे त्यांना माहीत नसतं. तरी मान वर होत नव्हती.

हे सगळं तुला कळवायचंच होतं. पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी.

तुझी सगळी पत्रं माझ्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात आहेत. टाकून कधी दिली नाहीत, त्याचं मला कौतुकही होतं. या रविवारी डबा काढला आणि एकेक पत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. किती तरी पत्रांच्या आतल्या पानांची घडी मोडलेलीसुद्धा नव्हती. इस्त्री केल्यासारखी कोरी घडी. बारा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातलं एक पत्र होतं, भावोजी जाऊन महिना झाला होता तेव्हाचं. पहिल्या पानावर पेन्शनचे कागद, घराची डागडुजी, कोण कोण येऊन गेलं ते. ते वाचल्याचं मला आठवतं. चौथ्या पानावर तू लिहिलं होतंस, "घरात भांडं पडलं तरी दचकायला होतं. तुला जमलं तर दोन दिवस येऊन जा. नुसता बस. बोलला नाहीस तरी चालेल."

मी काय उत्तर पाठवलं होतं ते आठवेना. म्हणून तुझं त्यानंतरचं पत्र काढलं. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं: "तिकडे थंडी पडली म्हणतोस, तर स्वेटर घालत जा."

त्यानंतर बारा वर्षांत तू कधीही, एकदाही, तो विषय काढला नाहीस. आणि मला ये म्हणूनही कधी लिहिलं नाहीस. मी समजायचो, ताई खंबीर आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. दोन दिवस राहीन. बेचाळिसावा कागद काढून ठेवू नकोस, त्यासाठी येत नाही. चादरीचे तुकडे धुऊन घेतले आहेत, तेवढे घेऊन येतो. नुसता बसेन. तुझं दार उघडायचं मन झालं नाही तर तसंही समजून घेईन, पायरीवर बसेन थोडा वेळ आणि दुपारच्या गाडीने परत फिरेन.

डिंक्या